मुळशीचं धरण, भिऱ्याचं वीजघर, कोलाडचं राफ्टिंग: एकाच पाण्याच्या मागून दोन दिवस

सह्यकाठ (धागाकर्ता)

पुण्याहून मुळशीला जाणारे बहुतेक जण पिरंगुट, पौड मागे टाकतात, तलाव दिसला की गाडी कडेला लावतात, भजी-कणीस खातात, ताम्हिणीतले दोन धबधबे बघतात आणि अंधार पडायच्या आत घरी. कोलाडला राफ्टिंगला जाणारे बहुतेक मुंबईचे. ते शनिवारी रात्री येतात, रविवारी सकाळी नदीत उतरतात, दुपारी जेवून परत. या दोन्ही मंडळींचं पाणी एकच आहे, हे दोघांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. म्हणून हा धागा.

मुळशीचं धरण मुळा आणि निळा या नद्यांचं पाणी अडवतं. दगडी भिंत, लांबी दीड किलोमीटरच्या आसपास, उंची पन्नास मीटरला थोडी कमी. टाटांच्या जलविद्युत योजनांमधली ही तिसरी. आधी १९१५ साली खोपोली, मग १९२२ साली भिवपुरी आणि १९२७ साली मुळशीच्या पाण्यावर चालणारं भिऱ्याचं वीजघर. मुंबईच्या गिरण्यांना कोळसा थेट बंगालच्या बाजूहून आणावा लागायचा. इकडे सह्याद्रीच्या माथ्यावर अफाट पाऊस आणि माथ्यावरून कोकणात सरळ तुटलेला कडा. जमशेटजी टाटांनी ही सांगड मनात धरली होती. ते १९०४ साली गेले, पुढचं काम दोराबजींच्या काळात झालं.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. मुळा पूर्वेकडे वाहणारी नदी. पुण्यात ती मुठेला भेटते, दोघी मिळून भीमेला जातात, भीमा उजनीला, तिथून कृष्णा, शेवटी बंगालचा उपसागर. धरण झाल्यावर तलावातलं पाणी पश्चिमेला वळलं. डोंगरातल्या बोगद्यातून ते कड्याच्या कडेला येतं, पोलादी नळांतून खाली भिऱ्याच्या टर्बाइनवर पडतं, तिथून कुंडलिकेत, पुढे कोलाड, रोहा आणि रेवदंड्याला अरबी समुद्र. नदीची समुद्राची दिशाच बदलली. तलावाच्या काठाशी उभं राहून हे मनात आणलं की समोरचं पाणी वेगळं दिसायला लागतं.

दोन दिवसांत हा सगळा प्रवास नीट होतो. पहिल्या दिवशी सकाळी लवकर पुणे सोडायचं. पौडवरून माले, मुळशी. भिंतीवर जाता येत नाही, पहारा असतो आणि तो असायलाच हवा. रस्ता तलावाच्या दक्षिण काठाने जातो, त्यामुळे पाणी बराच वेळ उजव्या हाताला सोबत राहतं. निव्याच्या पुढे रान दाट होतं. ताम्हिणी गावाकडून पिंपरी गावाला फाटलात तर कुंडलिकेच्या दरीचा कडा दिसतो, समोर खाली भिऱ्याचा जलाशय. तिथे अर्धा तास तरी बसा. एका बाजूला माथ्यावरचं पाणी, दुसरीकडे खोल खाली तेच पाणी काम उरकून निघालेलं. मग घाट उतरून विळे, पाटणूस, भिरा. मुक्काम कोलाड किंवा सुतारवाडीच्या परिसरात. दुसऱ्या दिवशी सकाळी राफ्टिंग, दुपारी रोह्याच्या बाजूने कुंडलिकेकाठी भटकंती.

एक गोष्ट मात्र या सहलीत वगळू नये असं मला मनापासून वाटतं. या तलावाखाली पन्नासांहून जास्त गावांच्या जमिनी आहेत. १९२१ सालच्या रामनवमीला, १६ एप्रिलला, इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. नेतृत्व पांडुरंग महादेव बापटांचं, आणि याच लढ्यात त्यांना सेनापती ही पदवी मिळाली. धरणाविरुद्ध उभं राहिलेलं हे जगातल्या अगदी सुरुवातीच्या आंदोलनांपैकी एक. पुण्यात आणि मुंबईत सेनापती बापट रस्त्यावरून रोज हजारो माणसं जातात, पण त्या नावाचा मुळशीशी काय संबंध ते त्यांच्यापैकी कितीजण सांगू शकतील?

ज्यांना या पट्ट्याची माहिती आहे त्यांनी भर घाला. राहण्याच्या जागा, रस्त्याची अवस्था, पावसाळ्यातली बंधनं, जुन्या गावांच्या आठवणी, सगळंच चालेल.

अनघा_कोथरूड

छान धागा. दिवाळीच्या सुट्टीत जायचा विचार आहे. आई-बाबा सत्तरीच्या पुढचे, मुलगा नऊ वर्षांचा. त्याला राफ्टिंगचं वेड लागलंय, मैत्रिणीच्या मुलीने व्हिडिओ दाखवल्यापासून. नऊ वर्षांच्या मुलाला घेतात का? आणि आई-बाबांना पिंपरीच्या कड्यापर्यंत चालवेल का?

कोलाडचा_वल्हेकरी

अनघाताई, नऊ वर्षांच्या पोराला वरच्या टप्प्यात घेत नाहीत आणि कोणी घेतो म्हणाला तर तिथे जाऊ नका. सहसा बारा-चौदाच्या पुढे. खालच्या संथ पाण्यात कयाक, छोटी राफ्ट असं बऱ्याच ठिकाणी असतं, त्यात लहान मुलं खूष होतात.

बाकी सगळ्यांसाठी सांगतो, कारण दर हंगामात हाच गोंधळ होतो. आमची नदी सकाळची नदी आहे. वर वीजघरं चालली की पाणी सुटतं. भिऱ्याचं पाणी पुढे रवाळज्याला अडवून तिथे पुन्हा वीज काढतात आणि तिथून ते नदीत येतं. साज्याजवळ सगळ्या राफ्ट काठावर लावून आम्ही वाट बघत असतो. आधी गोट्यांमधून नुसती धार असते. मग पाणी चढायला लागतं, काठाचा एक-एक दगड बुडतो, आवाज बदलतो. पाणी पुरेसं चढलं की एकामागोमाग एक राफ्ट सोडतात. बारा-चौदा किलोमीटर, दोन-अडीच तास. दुपारनंतर त्याच जागी पुन्हा गोटे उघडे. त्यामुळे ‘आम्ही जेवून दोन वाजता येतो, तेव्हा करू’ असं चालत नाही. पाणी आमच्या हातात नाही, वीजघराच्या वेळापत्रकात आहे. एखाद्या दिवशी वर दुरुस्ती निघाली किंवा वीजनिर्मितीचे संच बंद ठेवले तर राफ्टिंगच होत नाही, त्या दिवशी गाइडवर चिडू नका.

फायदाही तोच. हिमालयातल्या नद्या बर्फाच्या, पावसाच्या हिशेबाने चालतात. आमच्याकडे एप्रिल-मेच्या उन्हातही सकाळी पाणी असतं, कारण ते मुळशीत साठवलेलं असतं.

आणि एक हात जोडून सांगणं आहे. नदीचं पात्र कोरडं दिसलं म्हणून सकाळच्या वेळी मध्ये दगडावर जाऊन बसू नका. पाणी सुटलं की काठाकडे यायला वेळ मिळत नाही. जॅकेटचे सगळे पट्टे गाइडने स्वतः ओढून बघितले पाहिजेत. छातीपाशी धरून जॅकेट वर ओढलं आणि ते हनुवटीला लागलं, तर ते सैल आहे. परत बांधायला सांगा, लाजू नका. सोबत सुरक्षेसाठी कयाकवाला आहे का तेही निघायच्या आधी विचारा.

अनघा_कोथरूड

मनापासून आभार दादा. जॅकेटची खूण लक्षात ठेवीन.

जलविद्युत_निवृत्त

मी राज्यातल्या दुसऱ्या एका जलविद्युत केंद्रात नोकरी केली, भिऱ्याला नव्हतो, पण यंत्रं ओळखीची आहेत. थोडं तांत्रिक लिहितो.

मुळशीच्या तलावापासून भिऱ्याच्या टर्बाइनपर्यंत पाणी सुमारे पाचशे मीटर खाली येतं. एवढ्या उंचीला पेल्टन चाक वापरतात. बारीक तोंडातून प्रचंड वेगाने येणारी पाण्याची कांब चाकाच्या जोडवाट्यांवर आदळते, वाटी तिला दुभंगून उलटी फिरवते आणि पाणी आपला जवळजवळ सगळा वेग चाकाला देऊन अलगद खाली पडतं. हिशेब सोपा आहे. हजार लिटर पाणी पाचशे मीटर खाली आलं की सगळी गळती वजा जाता साधारण सव्वा युनिट वीज मिळते. तेच हजार लिटर धरणाच्या पायथ्याशी, पुण्याच्या बाजूला, चाळीस मीटरवरून सोडलं तर एक दशांश युनिटच्या आसपास. पाणी पश्चिमेला का वळवलं, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

भिऱ्याचे जुने सहा संच मिळून १५० मेगावॉट. पुढे १९९० च्या दशकात १५० मेगावॉटचा आणखी एक संच बसला, तो दोन्ही दिशांनी चालणारा. मागणी कमी असते तेव्हा तो खालचं पाणी पुन्हा वर मुळशीत चढवतो, आणि संध्याकाळी मुंबईत दिवे लागले की तेच पाणी पुन्हा खाली घेतो. त्यात मिळते त्यापेक्षा जास्त वीज खर्च होते, पण गरजेच्या क्षणी हाताशी असलेल्या विजेचं मोल वेगळं असतं. वल्हेकरींनी सांगितलेलं रवाळज्याचं वीजघर राज्य सरकारचं, ४० मेगावॉटचे दोन संच.

औष्णिक केंद्र थंड पडलं की पुन्हा उभं करायला कित्येक तास लागतात. जलविद्युत संच काही मिनिटांत भार उचलतो. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा पुरवठा पूर्ववत करायला ही सह्याद्रीतली जुनी वीजघरंच आधी कामाला लागली. जवळजवळ शंभर वर्षांची योजना, आणि अजून तिची गरज संपलेली नाही. या कामातल्या माणसांबद्दल मला फार आदर आहे.

निळेकाठचा

आमचं गाव पाण्याखाली आहे. मी चौथ्या पिढीतला.

सगळं वाचलं, माहिती चांगली आहे. पण तलाव म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे पाणी येतं, आमच्या घरात भात यायचा. माझी आजी सांगायची, तिला तिच्या सासूने सांगितलेलं, की खोऱ्यातल्या आंबेमोहराचा वास शिजताना तीन घरं सोडून जायचा. नदीकाठची गाळाची खाचरं होती ती. पाणी चढलं तसे लोक वर सरकले. खाली खाचर, वर वरकस म्हणजे उताराची हलकी जमीन. जे वरकस होतं तिथेच घर बांधलं आणि त्यातच नाचणी-वरई काढली. काही घरं पार दुसऱ्या तालुक्यांत गेली, त्यांची गाठ आता फक्त जत्रेला पडते.

मे महिन्याच्या शेवटी पाणी उतरलं की जुन्या घरांची दगडी जोती उघडी पडतात. आमचे अण्णा आम्हाला लहानपणी खाली घेऊन जायचे. हे आपलं जोतं, हा शेजाऱ्यांचा उंबरा, इथे जातं होतं. चिखल वाळून भेगाळलेला असायचा आणि त्या भेगांत शिंपले. जात्याची खालची तळी अजून जागेवर आहे, मधलं खुंट्याचं भोक गाळाने बुजलेलं. अण्णा ते दर वर्षी बोटाने साफ करायचे.

आणि आजची गोष्ट. धरण शंभरीला आलं तरी काठावरच्या काही वाड्यांना उन्हाळ्यात प्यायचं पाणी लांबून आणावं लागतं. समोर एवढा जलाशय आणि बाया हंडा घेऊन चढण चढतात. जमिनीची कागदपत्रं, गावठाण, घरदुरुस्ती, प्रत्येक गोष्टीला वर्षानुवर्षं खेटे. दुसऱ्या बाजूला काठावरच्या मोक्याच्या जागांवर बंगले आणि हॉटेलं उभी राहिली, तारेची कुंपणं आली, आणि आमची गुरं पाण्यावर न्यायची जुनी वाट एका ठिकाणी बंदच झाली.

सत्याग्रहाबद्दल थोडं. आधी कोणाला न विचारता शेतात चाचणीचे चर खणले, तिथून असंतोष पेटला. जमीन भूसंपादन कायद्याखाली घेतली. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या. त्यांना मोबदल्याच्या रकमेत रस, आमच्या लोकांना जमिनीत. तिथे फूट पडली. बायासुद्धा तुरुंगात गेल्या. १९२४ पर्यंत जोर ओसरला. त्या डिसेंबरात बापटांनी धरणाच्या कामाची रेल्वे अडवली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. हरलेली लढाई म्हणून ती कोणी सांगत नाही. आमच्या घरात मात्र ती सांगतात.

सह्यकाठ (धागाकर्ता)

दादा, तुमचा प्रतिसाद या धाग्याचा गाभा आहे. जोती दिसतात ती जागा बाहेरच्या माणसांनी येऊन बघावी असं तुम्हाला वाटतं का? की नको?

निळेकाठचा

यावं. पण गावात कोणालातरी सोबत घेऊन. उघड्या गाळात पाय रुतला की निघत नाही, आणि कुठे पाय टाकायचा हे आम्हालाच माहीत असतं. आणि जोत्यावर बसून दारू पिऊ नये, एवढंच.

उजनीकाठ

मी माढा तालुक्यातला. इथे लिहावं की नाही असा विचार करत होतो, पण लिहितो.

हे पाणी मुळात भीमेचं. मुळशी आणि टाटांची बाकीची धरणं मिळून दर वर्षी जे पाणी घाटाखाली उतरतं ते आमच्या बाजूला आलं असतं तर उजनीखालच्या शेतकऱ्याला एक आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची एक पाळी, जास्त मिळालं असतं. आमच्याकडे डाळिंबाच्या बागा टँकरवर जगवल्या आहेत लोकांनी. १९२० च्या दशकात दुसरा पर्याय नव्हता हे मान्य. आज वीज सूर्यापासून होते, वाऱ्यापासून होते, पाणी कशापासूनच होत नाही. मग हे पाणी खाली समुद्राकडे का जाऊ द्यायचं? राफ्टिंग बघून आनंद होतो, पण माझ्या पोटात खड्डा पडतो हेही खरं.

जलविद्युत_निवृत्त

तुमचं म्हणणं उडवून लावण्यासारखं अजिबात नाही. कृष्णा खोऱ्याच्या पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने टाटांच्या धरणांना पश्चिमेकडे पाणी वळवायची मर्यादा घालून दिली आहे, सरासरी साधारण ४२ टीएमसी (अब्ज घनफूट) वर्षाला. कोयनेला ६७.५ टीएमसी. हे पाणी महाराष्ट्राच्या वाट्यातच मोजलेलं आहे. म्हणजे ते पूर्वेला वळवायचं का, हा निर्णय मुख्यतः आपल्याच राज्याच्या हातातला आहे, आणि त्यावर सरकारी पातळीवर अभ्यास, चर्चा बरीच झाली आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड दोघांनाही मुळशीचं पाणी हवंच आहे.

माझं मत विचाराल तर टंचाईच्या वर्षी काही हिस्सा पूर्वेला द्यावा. तो वीज कंपनीच्या मर्जीवर नको, आधी ठरलेल्या नियमाने द्यावा. मात्र खालच्या अंगाला शंभर वर्षांत जे उभं राहिलं आहे, त्याचाही विचार हवा.

धाटावकर

त्या ‘खालच्या अंगाचा’ मी. कुंडलिकेवर डोलवहाळला बंधारा आहे, तिथून कालवे निघतात. रोहा आणि माणगावच्या बऱ्याच गावांची उन्हाळी भातशेती त्या कालव्यावर. कोकणात दुसरं पीक म्हणजे काय हे बाहेरच्यांना चटकन कळत नाही. बाकी कोकण दिवाळीनंतर पिवळं पडतं, आमच्याकडे मार्चमध्ये खाचरं हिरवीगार असतात. बगळे, ढोकरी, कधी चमचा पक्षी. शिवाय धाटावचे कारखाने, गावांच्या नळयोजना.

पाणी उद्या बंद केलं तर या सगळ्याचं काय, ते आधी सांगा, मग वळवा. उजनीकाठ, तुमच्या बागांचं दुःख समजतं हो, मी शेतकरीच आहे. पण आमच्याकडे पाणी समुद्रात ‘वाया’ जातं हे ऐकलं की मन दुखतं. ते आमच्या तीन गावांच्या ताटातून होऊन मग समुद्रात जातं.

उजनीकाठ

तुमच्या दुसऱ्या पिकाबद्दल मला खरंच माहिती नव्हती. माझी मागणी कायम आहे, पण ती तुमच्या खाचरांचा विचार करून मांडली पाहिजे हे पटलं. जलविद्युतकाका म्हणतात तसा टंचाईच्या वर्षाचा नियम झाला तर मी त्याच्या बाजूने आहे.

निळेकाठचा

पुणे, सोलापूर, रोहा, मुंबई सगळ्यांचं झालं. आमच्या वाड्यांच्या नळाचं त्या नियमात पहिलं कलम टाका.

अंधारबनी

मी ट्रेकच्या बाजूने भर घालते.

अंधारबन: पिंपरीहून सुरुवात, शेवट भिऱ्याला. म्हणजे धाग्यातल्या पाण्याची वाट पायी उतरायची असेल तर हीच. बहुतेक चाल उताराची किंवा सपाट, पण लांबलचक, गुडघे बोलायला लागतात. रान इतकं दाट की भर दुपारी उजेड हिरवा दिसतो. शेकरू दिसण्याची शक्यता चांगली, शीळकरी कस्तुराची शीळ पहाटे पिंपरीच्या आसपास हमखास. पावसाळ्यात वनखातं वाट बंद ठेवतं किंवा संख्या मर्यादित करतं, त्यामुळे निघायच्या आधी चौकशी करा. परतीच्या गाडीची सोय भिऱ्यात आधी लावून ठेवा, तिथून पुन्हा पिंपरीला यायचं म्हणजे सगळा घाट चढून यायचा.

कैलासगड: तलावाच्या पलीकडच्या अंगाला, गर्दी नाही. माथ्यावरून मुळशीचं पाणी बोटांसारखं डोंगरांत शिरलेलं दिसतं. कुठली दरी कुठल्या नदीची ते वरून स्पष्ट कळतं.

भिरा आणि उन्हाळा: मार्च ते मे खाली उतरू नका. २०१७ च्या मार्चमध्ये भिऱ्याला ४६.५ अंश तापमान नोंदलं गेलं होतं, त्या दिवशी देशातलं सर्वाधिक. चहूबाजूंनी कडे आणि मध्ये तापलेली वाटी.

ताम्हिणीचा पाऊस: २०२४ च्या जुलैत इथे एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडला. असा पाऊस गुडघाभर ओढ्याचं रूप पाऊण तासात पालटतो.

रविवारवाला

भिऱ्याजवळच्या देवकुंड धबधब्याला दर वर्षी पावसाळ्यात बंदी घालतात, ते कंटाळवाणं झालंय. जबाबदारीने जाणाऱ्यांनी काय करायचं? चार जण दारू पिऊन जातात म्हणून सगळ्यांना शिक्षा?

अंधारबनी

तुमचा वैताग समजतो, पण देवकुंडची जागा बघा. तिन्ही बाजूंनी कडा, मध्ये खोल डोह, परतीच्या वाटेवर ओढे ओलांडायचे. वर माथ्यावर पाऊस पडला आणि खाली ऊन असलं तरी ओढा भरतो आणि आत गेलेली माणसं आतच अडकतात. तिथे तुमचा अनुभव, शिस्त काही कामाला येत नाही. आणि अडकलात की दोर घेऊन येतात ते भिरा-पाटणूसची पोरं आणि बचाव पथकातले स्वयंसेवक, स्वतःचा जीव पणाला लावून. २०२४ च्या जूनअखेरीला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली माणसं पाण्याच्या मधोमध अडकली आणि वाहून गेली. काठावर माणसं होती, कोणाला काही करता आलं नाही. देवकुंड नोव्हेंबरातही सुंदर असतं. पाणी निळं, ओढे उतरलेले, आणि गावातला वाटाड्या घेतला की त्याच्या घरी चार पैसे जातात.

कोलाडचा_वल्हेकरी

अंधारबनीताईंना दुजोरा. नदीतून माणूस बाहेर काढायची वेळ आमच्यावर येते. त्याचे नातेवाईक काठावर उभे असतात. बंदी पाळा.

रविवारवाला

ठीक आहे. नोव्हेंबरचं बघतो. वाटाड्याचा संपर्क कुठे मिळेल?

अंधारबनी

भिऱ्यात उतरल्यावर विचारा, इथे कोणाचे नंबर टाकत नाही.

अनघा_कोथरूड

आई-बाबांच्या चालण्याचा प्रश्न राहिला! आणि राहायचं कुठे?

सह्यकाठ (धागाकर्ता)

अनघा, पिंपरीच्या कड्यापर्यंत आई-बाबांना अडचण येऊ नये. गाडी जवळपर्यंत जाते, पुढे थोडं चालणं. मात्र कठड्याच्या पलीकडे जाऊ नका आणि मुलाचा हात सोडू नका, कडा सरळ तुटलेला आहे.

राहण्याबद्दल: तलावकाठची मोठी रिसॉर्ट्स आहेत, पैसे भरपूर. माझं मत विचारशील तर गावातल्या घरगुती मुक्कामाला जा. नाचणीची भाकरी, पिठलं, गरम भात. खोल्या साध्या असतात, न्हाणीघर बाहेर असू शकतं, ते आई-बाबांना चालेल ना हे आधी विचार. दुसरा मुक्काम कोलाडला, तिथे सगळ्या प्रकारची सोय आहे. स्वतःची गाडी नसेल तर ताम्हिणीमार्गे कोकणात जाणाऱ्या एसटी गाड्या मिळतात, पण मधे उतरून फिरायचं तर दुसरी गाडी मिळेपर्यंत बराच वेळ थांबावं लागतं. मुंबईकडच्यांना कोकण रेल्वेवर कोलाड स्थानक आहे, थांबणाऱ्या गाड्या मात्र थोड्या.

इथल्या चर्चेनंतर मूळ आखणीत बदल करतो आहे. पहिल्या दिवशी धबधबे कमी आणि काठावरच्या एखाद्या गावात दोन तास जास्त. दुसऱ्या दिवशी राफ्टिंगनंतर डोलवहाळचा बंधारा आणि कालव्याकाठची शेती. धाटावकर, तिकडे गाडी कुठपर्यंत जाते?

धाटावकर

बंधाऱ्याच्या जवळपर्यंत जाते. फेब्रुवारीत आलात तर लावणी नुकतीच उरकलेली असते. बंधाऱ्यावर पोहायला कोणी उतरू नये, दारांपाशी ओढ असते. कालव्याच्या कडेने चाला, पक्षी तिथेच जास्त.

निळेकाठचा

जोती बघायची असतील तर मेच्या शेवटच्या आठवड्यात या, त्याआधी पाणी असतं. रविवार टाळा, रस्ता मुंगीच्या पावलाने चालतो. पौडहून येताना मालेच्या पुढे थांबा आणि इथे आदल्या दिवशी निरोप टाका, मी नाहीतर माझा चुलतभाऊ सोबत येईल. पायात जुने बूट, डोक्याला टोपी, प्यायचं पाणी घरून. अनघाताई, तुमच्या बाबांना जुन्या गावांची आवड असेल तर त्यांना वर आमच्या ओट्यावर बसवा. आमचे अण्णा आता खाली उतरू शकत नाहीत, पण बोलायला त्यांना कोणी लागतं.

अनघा_कोथरूड

बाबांना हे आत्ताच वाचून दाखवलं. दिवाळीची सहल ठरल्याप्रमाणे आहेच, पण मेमध्येही यायचं असं ते म्हणतायत. निरोप टाकते.